आमच्या वॉर्डात नको!

२०१९ ची संक्रांत. मागच्या गल्लीतल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. हळद-कुंकू लागलं, अत्तर लावून झालं, तिळगूळ हातात पडला, वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. निघणार तेवढ्यात त्या घरच्या नव्या सुनेने रेघांचा एक कागद पुढे केला.

"काकू, इथे सही करा ना."

"कशावर गं?"

"ते आपल्या वॉर्डात दारुड्यांचं काहीतरी उघडतायत ना, त्याला विरोध म्हणून. नगरपालिकेत द्यायचाय."

तिच्या सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. डोळ्यांनी खुणा करून झाल्या, शेवटी म्हणाल्या, "अगं, त्यांना नको देऊस." कारण 'ते दारुड्यांचं काहीतरी' उघडायचा अर्ज माझ्याच हस्ताक्षरातला होता. सुनेला बिचारीला काय माहीत! मी कागद हातात घेऊन वाचला. त्रेचाळीस सह्या झाल्या होत्या. त्यातल्या निदान नऊ घरांत संध्याकाळी सातनंतर काय चालतं ते मला ठाऊक होतं. कारण त्या बायका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडून गेलेल्या होत्या.

गाळणी पिशवीत टाकली आणि घरी आले. रात्री झोप काही आली नाही.

मैत्रिणींनो, गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. तालुक्याचं कुठलंही गाव डोळ्यांसमोर आणा. बस स्टँड, मोंढा, दोन कॉलेजं, चार मंगल कार्यालयं आणि जाल तिथे परमिट रूम. आम्ही सात-आठ जणींनी बचत गटाच्या कामातून सुरुवात केली होती. बचतीचा हप्ता का चुकला असं विचारलं की दहापैकी सहा वेळा उत्तर एकच यायचं. 'ह्यांनी घेतले.' मग ठरवलं की हप्त्याच्या मागे लागण्यापेक्षा ह्या 'ह्यांच्या'च मागे लागावं. एका निवृत्त गुरुजींचं दुमजली घर रिकामं होतं, मुलं पुण्याला. ते नाममात्र भाड्याने द्यायला तयार झाले. जिल्ह्याच्या गावचे एक मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा यायला कबूल झाले. पंधरा खाटांचं व्यसनमुक्ती केंद्र, एवढाच बेत. घर राहण्याचं, त्याचा वापर बदलायचा, म्हणून नगरपालिकेची परवानगी हवी. आम्हाला वाटलं, हे तर काय, पुण्याचंच काम. कोण नाही म्हणणार?

मी ह्यात का पडले ते आधी सांगायला हवं. माझ्या धाकट्या भावामुळे.

तो हुशार, बोलका. हार्डवेअरच्या दुकानात भागीदार. तीस वर्षांचा होईतो त्याचं सकाळी उठल्यावर हात थरथरणं सुरू झालं होतं. २००९ च्या दिवाळीत आईने शपथ घातली म्हणून त्याने एकदम बंद केली. आम्हाला केवढा आनंद! दुसऱ्या दिवशी घामाने अंथरूण भिजलं. तिसऱ्या दिवशी रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागला. भिंतीवर काही नव्हतं. मग त्याला फिट आली. आईने देवऋषी बोलावला, मी रिक्षा बोलावली.

तेव्हा कुठे डॉक्टरांकडून कळलं की रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर शरीर असं बंड करतं. हातापायांना कंप, झोप उडणं, काहींना फिट, दोन-तीन दिवसांनी भास. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावतोही. म्हणजे शपथ घालून, खोलीत कोंडून, खाटेला बांधून दारू सोडवायची हे जे आपण घरोघरी करतो, ते जिवावरचं काम आहे. ह्यासाठी दवाखाना लागतो, आणि त्यानंतर मनाला सावरायला काही आठवडे एक जागा लागते.

ती जागा आम्हाला मिळाली पुण्याला, मुक्तांगणमध्ये. घरापासून एका रात्रीचा एस. टी. प्रवास. पस्तीस दिवस तो तिथे राहिला. आणि गावात आम्ही काय सांगितलं? 'कंपनीच्या ट्रेनिंगला गेलाय.' मीही सांगितलं. बी. ए. झालेली, महिला मंडळात भाषणं करणारी मी, किराणा दुकानात उभी राहून बिनदिक्कत खोटं बोलले. आजार लपवायचा तर उपचारही लांबच घ्यावे लागतात. त्यामुळे गावात केंद्र नको असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो खरा, पण पुरता येत नाही.

तो दोन वर्षं छान राहिला, मग पुन्हा घसरला. २०१२ मध्ये पुन्हा पुण्याला गेला. त्यानंतर आजतागायत त्याने थेंब घेतलेला नाही.

मुक्तांगणची गोष्ट तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. डॉ. अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी केंद्र सुरू केलं. कुठे? येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. मला ह्या गोष्टीचा अर्थ आमची नगरपालिका भेटल्यावर कळला. सरकारी आवार, उंच भिंती. आवाराबाहेर भरवस्तीत घर भाड्याने घ्यायला निघाले असते तर त्यांनाही सह्यांचा कागद आडवा आला असता की काय, कोण जाणे.

आमचा विषय सर्वसाधारण सभेत आला तो चौदावा. त्याच्या आधी गटाराचे तीन, पथदिव्यांचा एक आणि कुणाच्या तरी नावाच्या कमानीचा एक असे विषय होते. कमानीवर पाऊण तास चर्चा झाली. आम्ही चौघी मागच्या बाकावर.

आक्षेप भराभर आले. बाहेरगावचे दारुडे येतील. पोरीबाळींना जाणं-येणं अवघड होईल. शाळा जवळ आहे. जागांचे भाव पडतील. (हा सगळ्यात मोठ्याने मांडला गेला.) एक जण म्हणाले, "ताई, काम चांगलंच आहे तुमचं, आमचा पाठिंबाच आहे, फक्त आमच्या वॉर्डात नको." दुसऱ्या वॉर्डाच्या सदस्यांनी लगेच तेच वाक्य आपल्या वॉर्डासाठी म्हटलं. राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. सभागृहात बायका होत्या, निम्म्या होत्या. त्यांच्यातली एकही उठली नाही. एकीने नवऱ्याकडे पाहिलं, तो सदस्य नसतानाही दाराशी खुर्ची टाकून बसला होता. विषय तहकूब.

'बाहेरगावचे दारुडे' हे ऐकून मला हसू आलं. पंधरा खाटांसाठी आमच्याकडे आधीच एकवीस नावं होती आणि एकवीसच्या एकवीस आमच्याच गावातली. चार तर त्याच वॉर्डातली. ही माणसं रोज त्याच गल्लीतून जातात-येतात, झिंगून. केंद्रात ती शुद्धीवर असणार होती, एवढाच काय तो फरक! आणि शाळेचं म्हणाल तर शाळेकडून गुरुजींच्या घरापर्यंत मी पावलं मोजत गेले. मध्ये एक देशी दारूचं दुकान आणि एक परमिट रूम लागली. त्यांच्यावर आजवर कुणी सह्यांचा कागद फिरवलेला मला माहीत नाही.

ह्यावर नगरपालिकेतले एक अधिकारी मला समजावून सांगू लागले, "मॅडम, दारू दुकानाचं लायसन्स आमच्या हातात नसतं, ते कलेक्टर आणि उत्पादन शुल्क खातं बघतं." खरं आहे. पण मला २०१७ साल आठवलं. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्या वेळी देशात ठिकठिकाणी राज्यमार्ग नगरपालिकांकडे वर्ग करण्याची काय घाई उडाली होती! रस्ता आपल्या ताब्यात आला की तो महामार्ग राहत नाही, मग दुकान जागच्या जागी. पुढे जुलै २०१७ मध्ये कोर्टानेच नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारक दुकानांना मोकळीक दिली आणि प्रश्न मिटला. म्हणजे मनात आणलं तर रस्त्याचं नाव बदलता येतं. घराचा वापर बदलता येत नाही.

आणखी एक गंमत बघा. आपल्या राज्यात वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांच्या हाती २००८ चा शासन आदेश आहे. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं. उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. कितीतरी गावांत बायकांनी हे करून दाखवलंय. पण दुकान बंद झाल्यावर पिणाऱ्याचं काय? तो पुढच्या गावाला जातो, नाहीतर हातभट्टी शोधतो. त्याला बरं करणारी जागा गावात मागायची तर त्याला मतदान नाही. तिथे सह्या चालतात, त्याही विरोधाच्याच.

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१९ मध्ये, केंद्र सरकारने 'एम्स'कडून करून घेतलेल्या व्यसनांच्या पाहणीचा अहवाल आला. देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात, त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. आणि मिळते किती जणांना? दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मागे एक. मी हे आकडे मोठ्या अक्षरात लिहून नगराध्यक्षांना दिले. त्यांनी ते वाचले, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "आकडे बरोबर आहेत ताई, पण मतं माझी जातात."

प्रामाणिक माणूस, असंच म्हणायला हवं.

माझी मामेबहीण अमेरिकेत सिअॅटलजवळ राहते. फोनवर तिच्याजवळ हे सगळं रडगाणं गायले, तर ती म्हणाली, "अगं, आमच्या इथे एडमंड्सला हेच झालं होतं, पार सुप्रीम कोर्टात गेलं." मला वाटायचं, तिकडे सगळं आलबेल असेल. दुरून डोंगर साजरे! तर झालं असं : तिकडे 'ऑक्सफर्ड हाउस' नावाची घरं असतात. दारू, ड्रग्ज सोडलेली माणसं एकत्र घर भाड्याने घेऊन राहतात, खर्च वाटून घेतात, आपला कारभार आपणच मतदानाने चालवतात आणि जो पुन्हा पिईल त्याला घर सोडावं लागतं. पहिलं घर १९७५ मध्ये मेरीलँड राज्यात निघालं. असं एक घर १९९० मध्ये एडमंड्समध्ये दहा-बारा जणांसाठी सुरू झालं. तो भाग फक्त 'एका कुटुंबाच्या' घरांसाठी राखीव. आणि कुटुंब म्हणजे काय, हे नगरपालिकेने नियमात लिहून ठेवलेलं. रक्ताची, दत्तक किंवा लग्नाच्या नात्याची माणसं असतील तर कितीही चालतील. नात्यातली नसतील तर पाचपेक्षा जास्त नकोत. झालं, नोटिसा निघाल्या.

मी तर हा नियम ऐकून थक्कच झाले. म्हणजे आमच्या गल्लीतलं ते अठरा माणसांचं एकत्र कुटुंब, ज्यात तीन भाऊ पिऊन एकमेकांची डोकी फोडतात, ते तिथे नियमात बसलं असतं आणि न पिता शांतपणे राहणारी दहा माणसं बसली नसती!

१५ मे १९९५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की कुटुंबाच्या ह्या व्याख्येआड नगरपालिकेला लपता येणार नाही, अपंग आणि आजारी लोकांना घर मिळण्यात भेदभाव होऊ नये म्हणून जो कायदा आहे तो तिच्या नियमालाही लावून बघावा लागेल. निकाल तेवढ्यापुरताच होता. पण दारूतून बाहेर पडणारा माणूस कायद्याच्या संरक्षणात येतो, हे तिथे गृहीत धरलेलं होतं. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था 'आजार' ह्या व्याख्येत घेतल्या आहेत. म्हणजे कायद्याने तो पेशंट. हे मी सभेत सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "पेशंट काय, बेवडा म्हणा!" आणि सगळे हसले. बायकाही हसल्या.

पण विरोध करणाऱ्यांचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसांना डांबून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या जागांच्या बातम्या आपण सगळ्याच वाचतो. एका नगरसेविकेने मला सभेनंतर जिन्यात गाठून हेच विचारलं, "तिथे मारतात का हो?" तिच्या विचारण्यात विरोध नव्हता, काळजी होती. तिच्या घरातलं कुणीतरी असावं. मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. केंद्र कुठलंही असो, आधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी आहे का विचारा, डॉक्टर कोण आणि कधी येतात ते विचारा, पेशंटला घरी फोन करू देतात का आणि तुम्हाला आत जाऊन खोल्या बघू देतात का ते विचारा. काचकूच केली तर तिथे माणूस ठेवू नका. नगरपालिकेने आम्हाला हे सगळे प्रश्न विचारले असते, अटी घातल्या असत्या, दर महिन्याला तपासणी लावली असती, तर आम्ही आनंदाने मान्य केलं असतं. त्यांनी एकही विचारला नाही. जागांचे भाव मात्र तीनदा निघाले.

विषय तीन वेळा तहकूब झाला आणि मग आला २०२० चा मार्च. लॉकडाऊन. दुकानं बंद, दारूचीही. गाव खूश, आता आपोआप सुटेल म्हणून. चौथ्या रात्री माझा फोन वाजला. "वहिनी, हे कसंतरीच करतायत हो. भिंतीशी बोलतायत." आवाज ओळखला. त्या कागदावरच्या नऊ घरांपैकी एक. तिने सहीचा विषय काढला नाही, मीही नाही. पोलीस पास, अॅम्ब्युलन्स, जिल्हा रुग्णालय. पहाटे चार वाजले. वाचला तो. त्या दहा दिवसांत असे अकरा फोन आले. त्यातला एक जण वाटेतच गेला. त्याच्या बायकोने कुणाला तरी विचारून त्याला घरातच बांधून ठेवलं होतं, आम्हाला उशिरा कळवलं.

मेमध्ये दुकानं उघडली तेव्हा टीव्हीवर रांगा बघितल्या असतील तुम्ही. आमच्याकडेही होती, अगदी गुरुजींच्या फाटकापर्यंत.

वाटलं होतं, आता तरी लोकांचं मन बदलेल. पुढच्या संक्रांतीला त्या बाईंकडे, जिच्या नवऱ्याला आम्ही नेलं होतं तिच्याकडे, मी स्वतः अर्ज घेऊन गेले. तिने चहा केला, माझा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं. आणि म्हणाली, "वहिनी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण केंद्र गावाबाहेर करा ना. मुलगी लग्नाची आहे, बघायला येणाऱ्यांनी तो बोर्ड वाचला तर?" तिला काय उत्तर देणार? मीच नव्हते का 'ट्रेनिंग'चं सांगितलं?

नंतर पालिकेची मुदत संपली, निवडणुका रखडल्या, प्रशासक आले. प्रशासकांनी फाइल वाचली एवढं खरं; धोरणात्मक निर्णय नवी बॉडी घेईल असा शेरा मारला. २०२३ मध्ये गुरुजी गेले. मुलांनी घर विकलं. तिथे आता मोबाइलचं दुकान आणि वर क्लासेस आहेत. आम्हाला एम. आय. डी. सी.च्या पलीकडे, स्टँडपासून चार किलोमीटरवर एक गोदाम मिळू शकतं. जागा मोठी आहे, भाडं परवडणारं आहे, शेजारी कुणी नाही. पण मुक्तांगणमध्ये मी पाहिलंय, पेशंटइतकंच काम त्याच्या बायकोबरोबर, आईबरोबर करावं लागतं. त्या बायका चार किलोमीटर उन्हातून येणार कशा आणि शेवटची गाडी साडेपाचला गेल्यावर परत जाणार कशा? आणि रात्री कुणाला फिट आली तर? म्हणून आम्ही अजून गावातच घर शोधतोय.

तोवर दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात आमची बैठक भरते. पाच-सहा पुरुष येतात, आठ-दहा बायका. लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसतात. बोर्ड लावलेला नाही. फळ्यावर पाढे तसेच असतात. ज्यांच्या गावात तेवढंही नाही त्यांनी केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा १४४४६ हा मोफत नंबर लिहून ठेवावा. आणि कुणी एकाएकी बंद केली आणि थरथरू लागला तर दोरी शोधू नका, दवाखाना गाठा.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, नवी मंडळी निवडून आली. आम्ही नव्याने अर्ज केलाय. विषयपत्रिकेत ह्या वेळी आमचा नंबर बावीस आहे. भाऊ म्हणतो, मी येतो सभेला. बेवडा कसा दिसतो आणि पेशंट कसा दिसतो ते बघू देत लोकांना. नाव-गाव सांगून उभा राहीन म्हणतो. त्याच्या बायकोची ना नाही. माझ्या आईला मात्र अजून आम्ही हे सांगितलेलं नाही.